प्रतिपिंडाच्या मापावर ठसा कोणाचा?



करकंबच्या बाजारात धान्य विकायला बसलेल्या एखाद्या दुकानदाराचे लोखंडी वजन उलटे करून पाहा. त्याच्या एका बाजूला शिशाचा ठिपका भरलेला असतो आणि त्या शिशावर सरकारी ठसा मारलेला असतो. हे वजन एक किलोचे आहे, असे नुसते दुकानदाराने म्हणून चालत नाही. कोणा तिऱ्हाइताने ते प्रमाण वजनाशी ताडून पाहिले पाहिजे आणि ठरावीक मुदतीने पुन्हा ताडले पाहिजे, असा कायदा आहे. पाच किलो ज्वारीसाठी आपण एवढी काळजी घेतो.

मेंदूच्या दुर्धर रोगांच्या संशोधनात आज जगभर एक माप वापरले जाते. त्याचे नाव प्रतिपिंड. हे माप बाटलीतून येते, बाटलीवर चिठ्ठी असते आणि पुष्कळदा त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवूनच काम चालते. हे बरोबर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मापाची पडताळणी झालेली नाही, त्याने काढलेला आकडा हा निष्कर्ष नव्हे, तो नुसता अंदाज होय. मी पदार्थविज्ञान शिकवतो. जीवशास्त्राच्या अंगणात या माणसाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. पण मापन हा आमच्या विषयाचा पहिला धडा आहे आणि तो सर्व शास्त्रांना सारखाच लागू पडतो.

प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरात जंतू किंवा एखादे परके द्रव्य शिरले, की रक्तातील काही पांढऱ्या पेशी त्याच्याविरुद्ध खास प्रथिने तयार करतात. हीच प्रतिपिंडे. त्यांचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. ‘वाय’च्या दोन फांद्यांच्या टोकांना खाचा असतात. परक्या रेणूचा एक लहानसा भाग त्या खाचेत, कुलपात किल्ली बसावी तसा बसतो.

खेड्यातल्या मुलांना प्रतिपिंडे अनोळखी नाहीत. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जी ‘सापाची लस’ देतात, ती खरे तर लस नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला अगदी थोड्या प्रमाणात टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि तीच रोग्याला देतात. आपल्या राज्यात या औषधाशी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव अनेक दशके जोडलेले आहे.

येथे प्रतिपिंड औषध म्हणून वापरले. पण जे नेमक्या एकाच रेणूला धरते, ते त्या रेणूचा शोध घ्यायलाही उपयोगी पडणार, हे उघड आहे. ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत एक पदार्थवैज्ञानिक होत्या, हे सांगताना मला आनंद होतो. रोझलिन यॅलो यांचे शिक्षण अणुकेंद्रीय पदार्थविज्ञानातले. त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर प्रतिपिंडे आणि किरणोत्सारी आयोडीन यांचा मेळ घालून रक्तातील अत्यल्प इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली. त्याबद्दल यॅलो यांना १९७७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ साली पुण्याच्या मायलॅब कंपनीने करोनाची घरच्या घरी तपासणी करण्याचा संच बाजारात आणला. त्या पट्टीवर उमटणारी रेघ हीसुद्धा प्रतिपिंडांचीच करामत.

टाऊ नावाचे प्रथिन

आता मेंदूकडे वळू. चेतापेशीला एक लांब तंतू असतो आणि त्या तंतूतून मालाची सतत ने-आण चालू असते. त्यासाठी आत सूक्ष्म नलिकांचे जणू रूळ टाकलेले असतात. कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर रुळांना खालचे स्लीपर जसे जागच्या जागी धरून ठेवतात, तसे या नलिकांना धरून ठेवण्याचे काम टाऊ नावाचे प्रथिन करते. हे प्रथिन १९७५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात सापडले.

टाऊच्या सर्वांत लांब रेणूत ४४१ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्या काही कड्यांवर पेशीतील विकरे फॉस्फेटचा गट बसवतात. ही नेहमीचीच क्रिया आहे. पण फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि नलिकांच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. टाऊवर फॉस्फेट फार झाले, की त्याची नलिकांवरची पकड सुटते. सुटलेले टाऊ एकमेकांत गुंतू लागते आणि पेशीत त्याचे गुंते साचतात.

हे गुंते अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईच्या मेंदूच्या कापांत पाहिले होते. चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली काळे दिसत. दिसले खरे, पण ते कशाचे बनलेले आहेत, हे चांदी सांगू शकत नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे ऐंशी वर्षे लागली.

अडचण किती बारीक होती पाहा. टाऊचा रेणुभार सुमारे ४६,००० आणि एका फॉस्फेटमुळे त्यात पडणारी भर अवघी ८०. म्हणजे साठ किलोच्या माणसाने खिशात शंभर ग्रॅमचा पेरू ठेवावा, एवढाच फरक! निरोगी मेंदूतही टाऊ असतेच. तेव्हा नुसते टाऊ शोधून भागत नाही. कोणत्या कड्यावर फॉस्फेट आहे, ते कळले पाहिजे. माणूस ओळखायचा आणि त्याच्या कोणत्या खिशात पेरू आहे, तेही ओळखायचे. हे काम प्रतिपिंडाने केले.

एक आदर्श प्रयोग

१९८६ साली न्यूयॉर्कमध्ये इंगे ग्रुंडके-इक्बाल, खालिद इक्बाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. त्यांच्याकडे टाऊ ओळखणारे एक प्रतिपिंड होते. पण टाऊच्या विशिष्ट जागी फॉस्फेट नसेल, तरच ते चिकटत असे. अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूच्या कापांवर ते टाकले, तेव्हा थोडेच गुंते रंगले. मग त्यांनी ते काप फॉस्फेट कापून टाकणाऱ्या विकरात ठेवले आणि पुन्हा तेच प्रतिपिंड टाकले. आता पुष्कळ गुंते रंगलेले दिसले!

यातून काय निघाले? गुंत्यांत टाऊ आधीपासूनच होते, पण फॉस्फेटने ते झाकलेले होते. झाकण काढल्याबरोबर प्रतिपिंडाला ते दिसले. या प्रयोगाचे सौंदर्य असे, की शोध आणि मापाची पडताळणी ही दोन्ही कामे त्यात एकदमच झाली. प्रतिपिंड फॉस्फेटचा भेद खरोखर जाणते की नाही, हे चिठ्ठीवर वाचून ठरवलेले नाही. फॉस्फेट असताना काय होते आणि काढल्यावर काय होते, हे डोळ्यांनी पाहून ठरवले आहे.

पुढे याच्या उलट गुणाची, म्हणजे फॉस्फेट असेल तरच चिकटणारी प्रतिपिंडे तयार झाली. त्यांतले एटी-८ हे फार प्रसिद्ध आहे. ते टाऊच्या २०२ आणि २०५ या क्रमांकांच्या कड्यांजवळचे फॉस्फेट ओळखते. अशी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती केलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली होती. त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातही टाऊवर काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुभाषचंद्रबोस चिन्नथंबी यांच्या गटाने टाऊच्या गुठळ्या कशा बनतात आणि त्या कशा रोखता येतील, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. अशा अभ्यासात फॉस्फेटयुक्त टाऊ ओळखणारी प्रतिपिंडे पदोपदी लागतात.

माप कोठे फसते?

दुधाचे उदाहरण घेऊ. लॅक्टोमीटर दुधाची शुद्धता मोजतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो फक्त घनता मोजतो. दुधात पाणी घातले तर घनता कमी होते. साय काढून घेतली तर घनता वाढते, कारण साय दुधापेक्षा हलकी असते. मग कोणी थोडी साय काढली आणि थोडे पाणीही घातले तर? लॅक्टोमीटर बिनदिक्कत ‘शुद्ध’ असे सांगेल! लॅक्टोमीटर खोटे बोलत नाही. त्याला जे कळते, ते तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याचा अर्थ लावताना आपण चुकतो. म्हणूनच दूध संकलन केंद्रावर फॅटची तपासणी वेगळी करावी लागते.

प्रतिपिंडाचेही असेच आहे. ‘मला काहीतरी चिकटले’ एवढेच ते सांगते. त्या ‘काहीतरी’ला टाऊ हे नाव आपण देतो. एका किल्लीने कधी कधी शेजारचेही कुलूप उघडते, हे आपण घरी पाहतो. तसेच येथे घडते. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रोगात अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या १२९ व्या कड्यावर फॉस्फेट बसलेले आढळते. ते ओळखण्यासाठी बनवलेली काही प्रतिपिंडे न्यूरोफिलामेंट नावाच्या निराळ्याच प्रथिनालाही धरतात, असे दिसून आले आहे. म्हणजे रंग उमटला, पण तो भलत्याच्याच नावाने.

दुसरी फसगत आणखी मजेदार आहे. टाऊ ओळखणारी बरीच प्रतिपिंडे उंदरापासून बनवतात. ती कोठे चिकटली हे पाहण्यासाठी उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारे दुसरे प्रतिपिंड वापरतात. पण तपासायचा मेंदूही उंदराचाच असेल तर? त्या मेंदूत उंदराची स्वतःची प्रतिपिंडे असतातच. दुसरे प्रतिपिंड त्यांनाही धरते. प्रथिने रेणुभाराप्रमाणे वेगळी केल्यावर या प्रतिपिंडांच्या तुकड्याची रेघ ५०,००० च्या आसपास, म्हणजे नेमकी टाऊच्या शेजारी उमटते. पाहणाऱ्याला वाटते, टाऊ सापडले! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, ज्यांच्या शरीरात टाऊ मुळीच नाही अशा उंदरांच्या मेंदूतही अशा रेघा दिसल्या. पारड्यात काही नसताना काटा हलला!

हे प्रकार अपवादात्मक आहेत काय? कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे एकाच पद्धतीने तपासली. २०२३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एक ना एका उपयोगात नापास ठरली. नापास प्रतिपिंडांच्या आधारे लिहिलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे बारा निघाले. बारा निबंध म्हणजे कित्येक माणसांची कित्येक वर्षे, आणि त्यांच्यावर विसंबून पुढे काम करणाऱ्यांचीही.

पडताळणी कशी करावी?

तपासण्याच्या रीती अवघड नाहीत. त्यातली युक्ती शाळेतील मुलालाही पटेल.

पहिली रीत रिकाम्या पारड्याची. ज्या प्राण्यात किंवा पेशीत ते प्रथिन मुळीच नाही, तेथे प्रतिपिंड टाकून पाहावे. टाऊ नसलेले उंदीर जपानी शास्त्रज्ञांनी १९९४ सालीच तयार केले. तेथे रंग उमटला, तर माप खोटे.

दुसरी रीत १९८६ च्या प्रयोगाची. विकराने फॉस्फेट काढून टाकावे. फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचा रंग नाहीसा झाला पाहिजे. तो तसाच राहिला, तर ते दुसरेच काही ओळखत आहे.

तिसरी रीत प्रमाण वजनाची. प्रथिनाचा छोटा तुकडा कृत्रिमरीत्या बनवावा, एक फॉस्फेटसह आणि एक फॉस्फेटविना. प्रतिपिंडाने पहिल्याला धरावे, दुसऱ्याला सोडावे.

चौथी रीत दुसऱ्या तराजूची. वस्तुमान वर्णपटमापक हे यंत्र रेणूचे वस्तुमान थेट मोजते. ८० ची भर कोणत्या तुकड्यात पडली, ते त्यावर कळते. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी मापे एकच उत्तर देत असतील, तर विश्वास दुणावतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर संशोधक म्हणतील, ‘आम्ही पैसे देऊन तयार प्रतिपिंड घेतो. ते तपासणे विकणाऱ्याचे काम आहे. आमच्याकडे ना वेळ, ना पैसा.’ हा आक्षेप पोकळ नाही. लहान प्रयोगशाळांना टाऊ नसलेले उंदीर पाळणे परवडत नाही. शिवाय विज्ञानात चूक आज ना उद्या उघडकीस येतेच, असेही कोणी म्हणेल.

माझे उत्तर असे. तपासणे विकणाऱ्याचेही काम आहे, हे मान्य. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर नवे कोरे असले, तरी त्याची शून्य-त्रुटी पाहिल्याशिवाय आम्ही विद्यार्थ्याला वाचन घेऊ देत नाही. तो कंपनीवरचा अविश्वास नसतो, ती मापनाची शिस्त असते. खर्चाचे म्हणाल, तर खोट्या मापावर उभारलेली तीन वर्षे वाया जाणे हा केवढा खर्च आहे! आणि चूक उद्या उघडकीस येईल हे खरे असले, तरी तोवर रोगी थांबत नाही.

वर सांगितलेल्या तपासणीत एक आशादायक गोष्टही आढळली. बहुतेक प्रथिनांसाठी निदान एक तरी चांगले प्रतिपिंड उपलब्ध होते. निष्कर्ष हाती येताच विकणाऱ्यांनी अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडे बाजारातून काढून घेतली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. म्हणजे तपासले, तर सुधारणा होते. कोणी तपासायलाच तयार नसणे, हा खरा रोग आहे.

आपल्याशी याचा संबंध काय?

संबंध फार जवळचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्या खेड्यांत ‘वय झाले, आता असेच चालायचे’ म्हणून पुष्कळदा त्याकडे दुर्लक्ष होते. घरची वाट विसरणारे आजोबा आणि नातवाचे नाव आठवत नसलेली आजी अनेक घरांत आहेत.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्त तपासणीला मान्यता दिली. ही तपासणी कशावर चालते? टाऊच्या २१७ व्या कड्यावरील फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडावर! तिच्यात रक्तातील अशा टाऊचे अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाशी असलेले प्रमाण पाहतात. लक्षणे असलेल्या माणसांसाठीच आणि इतर तपासण्यांच्या जोडीने तिचा उपयोग करायचा आहे, कारण तिचे उत्तर काही वेळा चुकू शकते. ती मान्य होण्यापूर्वी कसून पारखली गेली. पण अशा तपासण्या आता वाढणार, स्वस्त होणार आणि उद्या सोलापूर, पंढरपूरपर्यंत येणार. त्या वेळी प्रत्येक संचातील प्रतिपिंड तेवढेच पारखलेले असेल काय? रोग नसलेल्या माणसाला ‘तुमची स्मृती जाणार’ असे सांगणे, किंवा रोग असलेल्याला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणे, हे ज्वारीच्या वजनात पाव किलो कमी देण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

म्हणून मला तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. प्रतिपिंडाच्या आधारे लिहिलेल्या प्रत्येक शोधनिबंधात त्या प्रतिपिंडाची पडताळणी कशी केली, हे छापणे सक्तीचे असावे. आपल्या देशातील मोठ्या संस्थांनी प्रथिनविरहित पेशींचा साठा ठेवून लहान प्रयोगशाळांना तो अल्प दरात द्यावा, म्हणजे परिस्थितीमुळे कोणी पडताळणी टाळणार नाही. आणि तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. प्रयोगवहीत मापनयंत्राची तपासणी हा एक रिवाज म्हणून उरकू नये, तिला गुण असावेत.

या महिन्यात वर्गात एक प्रयोग अवश्य करून पाहा. एक लिटर न तापवलेले दूध आणि एक लॅक्टोमीटर घ्या. प्रथम वाचन घ्या. मग दूध थंड जागी रात्रभर ठेवा, वर आलेली साय हलक्या हाताने काढा, दूध पहिल्या दिवसाच्याच तापमानाला येऊ द्या आणि पुन्हा वाचन घ्या. नंतर चमच्याचमच्याने पाणी घालत पहिले वाचन परत येईपर्यंत मोजत राहा. किती चमचे पाणी घातले, ते लिहून ठेवा. तेवढे पाणी लॅक्टोमीटरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही! मग पुढे केव्हाही कोणी तुमच्यासमोर आकडा ठेवला, मग तो प्रयोगशाळेतला असो की रक्ताच्या अहवालातला, तर निःसंकोच विचारा : हे माप कोणत्या गोष्टीला हलते, आणि ते कोणी तपासले? तुमच्यापैकी जे उद्या संशोधक होतील, त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःच्या मापाला विचारावा.